अणुभट्टीच्या सावलीतले भाभा

ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरचा अणुभट्टीचा घुमट आणि डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव या दोन गोष्टी मुंबईकरांच्या मनात इतक्या एकजीव झाल्या आहेत की, त्या घुमटापूर्वीचे भाभा कोण होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र, मग तो टोकियोचा असो वा जिनिव्हाचा, भाभा भेटतात ते एका सूत्रातून. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले, तर ते कोणत्या दिशेला किती प्रमाणात विखुरतील, हे सांगणाऱ्या त्या सूत्राला जग ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणून ओळखते. भाभांनी ते मांडले तेव्हा त्यांनी वयाची पंचविशी नुकतीच ओलांडली होती आणि अणुऊर्जा हा शब्दही त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

आज या सूत्राची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. अणूंच्या अवघ्या एका थराइतके पातळ अर्धवाहक आणि त्यांतून बाहेर पडणारा प्रकाश हा गेल्या दीड दशकात पदार्थविज्ञानातील अतिशय गजबजलेला विषय झाला आहे. भाभांनी कुलाब्याला समुद्राकाठी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा पदार्थांवर काम चालते. आणि या पदार्थांतील एका अडचणीच्या मुळाशी जी क्रिया आहे, तिचे नाते थेट १९३५ मधील भाभांच्या त्या गणिताशी पोहोचते. ते नाते समजून घ्यायचे तर आधी भाभांचा केम्ब्रिजपर्यंतचा प्रवास पाहावा लागेल.

होमी यांचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी झाला. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकलेले कायदेपंडित आणि टाटांच्या उद्योगांशी निगडित. आई मेहरबाई ही सर दिनशा पेटिट यांच्या घराण्यातली. वडिलांची बहीण, तिचेही नाव मेहरबाईच, सर दोराबजी टाटा यांना दिलेली. शाळा कॅथीड्रल; तेथून जवळच एस्प्लनेड हाउस हे टाटांचे घर. दुपारच्या सुटीत होमी आत्याकडे जेवायला जात आणि तेथे पोलादाचे कारखाने, जलविद्युत प्रकल्प, देशाचे राजकारण यांच्या गोष्टी मोठ्यांच्या तोंडून ऐकत. घरी आजोबांच्या वेळेपासूनचा ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकलेचे शिक्षक येत. मुंबईतल्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला असे बालपण येते. गुणवत्तेला श्रीमंतीची साथ मिळाली, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवण्याचे कारण नाही. त्या श्रीमंतीचे पुढे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि मग काळा घोड्याजवळील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण घेऊन ते १९२७ मध्ये केम्ब्रिजला गेले. घराची योजना सरळ होती. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. होमींनी एका वर्षातच वडिलांना कळवले की, आपला पिंड कारखान्याचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. जहांगीरजींनी त्रागा केला नाही, एक व्यवहारी अट घातली: अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवून दाखव, पुढच्या गणिताच्या शिक्षणाचा खर्च मी देईन. १९३० मध्ये पहिला वर्ग मिळाला, १९३२ मध्ये गणितातही. बापाने शब्द पाळला. टाटांचा एक अभियंता गेला.

केम्ब्रिजमधला तो काळ विलक्षण होता. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये सापेक्षतेशी सुसंगत असे इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले होते. त्या समीकरणातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघत होता. ऋण ऊर्जेच्या अवस्थांचा अथांग सागर इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरलेला आहे, असे मानावे लागत होते. त्या सागरातून एखादा इलेक्ट्रॉन वर उचलला गेला की मागे एक पोकळी राहते आणि ती पोकळी बाहेरून पाहणाऱ्याला धनभारित कणासारखी भासते. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांत असा कण खरोखरच सापडला, तोच पॉझिट्रॉन. लगोलग केम्ब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ब्लॅकेट आणि ओकियालिनी यांनी त्याला दुजोरा दिला. भाभा हे सारे त्याच आवारात वावरून पाहत होते. मधल्या काळात ते झुरिकला पाउली यांच्याकडे आणि रोमला फर्मी यांच्याकडेही राहून आले. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती विश्वकिरण आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यांची उत्पत्ती व लोप याच विषयावर.

आता त्या प्रसिद्ध शोधनिबंधाकडे वळू. भाभांनी विचारलेला प्रश्न ऐकायला साधा आहे. पॉझिट्रॉन हा स्वतंत्र, स्वयंभू कण असेल, तर इलेक्ट्रॉनशी त्याची टक्कर म्हणजे दोन भिन्न कणांची टक्कर. दोघे एकमेकांना ओढतील, वळवतील आणि आपापल्या वाटेने जातील. पण पॉझिट्रॉन ही डिरॅक यांच्या सागरातली पोकळी असेल, तर आणखी एक शक्यता उघडते. समोरून येणारा इलेक्ट्रॉन त्या पोकळीतच पडू शकतो. दोघेही नाहीसे होतात, त्यांची ऊर्जा क्षणमात्र विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या स्वाधीन होते आणि त्या ऊर्जेतून नवा इलेक्ट्रॉन, नवी पोकळी जन्म घेते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन कण आत जाताना दिसले, दोन बाहेर येताना दिसले. आत गेलेलेच बाहेर आले की मरून पुन्हा जन्मले, हे त्याला सांगता येणार नाही. आणि पुंजयामिकीचा नियम असा की, जे वेगळे ओळखता येत नाही, त्या दोन्ही वाटांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

भाभांनी हा हिशेब दोन्ही रीतींनी करून दाखवला, ही त्या निबंधाची खरी शान. वेग कमी असेल तर फरक नगण्य येतो. वेग प्रकाशाच्या वेगाजवळ गेला की तो ठळक होतो. म्हणजे प्रयोगानेच निवाडा करता येईल. पॉझिट्रॉन ही पोकळी आहे की स्वयंभू कण, हा तत्त्वज्ञानाचा वाटणारा प्रश्न त्यांनी मोजपट्टीच्या कक्षेत आणला. हा निबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आला. प्रयोगाचा कौल भाभांच्या बाजूने लागायला १९५४ साल उजाडले. अमेरिकेत झालेल्या मोजणीत लोप-पुनर्जन्माचे ते पद खरे असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी भाभा भारत सरकारच्या नव्या अणुऊर्जा विभागाचे सचिव झाले होते आणि त्यांना पद्मभूषणही मिळाले होते. आपल्या तरुणपणीच्या सूत्राचा विजय साजरा करायला त्यांना सवड मिळाली असेल, असे वाटत नाही. पुढे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील एलईपी या महाकाय त्वरकात शलाकांची तीव्रता मोजण्यासाठी हेच सूत्र मापदंड म्हणून वापरले गेले.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अवकाशातून आलेला एकच वेगवान कण वातावरणात शिरतो. त्याच्यापासून प्रकाशकण, प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीपासून पुन्हा प्रकाशकण, असे करता करता जमिनीपर्यंत कणांची सर कोसळते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यान वस्तुमान असलेल्या कणाला मेसॉन हे सुटसुटीत नाव सुचवले तेही १९३९ मध्ये भाभांनीच.

त्याच वर्षी ते सुटीसाठी भारतात आले, युरोपात युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन होते. भाभांना तेथे प्रपाठकपद मिळाले आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून विश्वकिरणांच्या संशोधनासाठी पैसे मिळाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी नागपूरला भरलेल्या विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली. रामन कोणाची उगाच स्तुती करणारे नव्हते.

युद्ध संपले की केम्ब्रिजला परतायचे, हा बेत या काळात हळूहळू मागे पडला. अलाहाबाद विद्यापीठ आणि कोलकात्याची इंडियन असोसिएशन यांच्याकडून आलेली प्राध्यापकपदे त्यांनी नाकारली होती. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची एक अव्वल दर्जाची शाळा मुंबईत हवी. आणखी काही वर्षांनी अणुऊर्जेचा वापर वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्याचा आशय होता. हिरोशिमाला अद्याप सतरा महिने अवकाश होता.

संस्था १ जून १९४५ रोजी बंगळुरात सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात मुंबईला आली. पत्ता होता पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ हा भाभांच्या नात्यातला बंगला. पैसा टाटांचा, मुंबई सरकारचा आणि केंद्राचा. १९४९ मध्ये बिऱ्हाड अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत हलले. कुलाब्याच्या टोकाला लष्कराच्या जमिनीवर कायमच्या वास्तूची पायाभरणी १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी नेहरूंनीच तिचे उद्घाटन केले. पदे आधी निर्माण करून ती भरायची, ही सरकारी रीत भाभांनी उलटी केली. माणूस सापडला की त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनात अमेरिकेत नाव मिळवलेले एस. एस. धर्मत्ती आले आणि येथे घन-द्रव पदार्थांच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू झाला. संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि १,७०० जर्मेनियम डायोड. म्हणजे अर्धवाहकांनी कुलाब्यात तेव्हाच चंचुप्रवेश केला होता.

संस्थेच्या भिंतींवर चित्रे लावायचा त्यांचा आग्रह तर सर्वश्रुत आहे. मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनांना ते स्वतः जात आणि निवडून चित्रे घेत. एम. एफ. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आजही कुलाब्याच्या प्रवेशदालनात आहे.

मध्य मुंबईशी त्यांचा ऋणानुबंध वेगळ्या वाटेने जुळला. आत्या मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही. त्यांच्या निधीतून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. किरणोपचार आणि किरणोत्सारी समस्थानिके यांचे कर्करोगाच्या उपचारातील महत्त्व ओळखून १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली घेण्यात आले, त्यामागे भाभांची दृष्टी होती. दुसऱ्याच वर्षी परळमध्येच किरणोत्सारी वैद्यक केंद्र सुरू झाले. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला अणुऊर्जा विभागाचे नाव प्रथम दिसले असेल ते बहुधा रुग्णालयाच्या कागदावर. विजेच्या आकडेवारीपेक्षा हे काम मोठे की लहान, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मोठे.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक मतभेद नोंदवायला हवा. संस्थेच्या स्थापनेपासून गणिताची बाजू सांभाळणारे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने येत-जात. अणुऊर्जेपेक्षा भारतासारख्या देशाने सौर ऊर्जेकडे वळावे, असे ते जाहीरपणे मांडत. संस्थेच्या प्रमुखाचे सारे बळ अणुभट्टीमागे असताना हे बोलणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये कोसंबींचा करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. कारणे अनेक सांगितली जातात. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र २०२५ च्या प्रारंभी भारताची स्थापित सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली आणि अणुविजेची नऊ हजारांच्या आतच होती, हे कोसंबींच्या बाजूने सांगायलाच हवे. अणुभट्टी रात्रंदिवस चालते, सौरपट्टी मावळतीला थांबते, हे भाभांच्या बाजूने. सौरपट्टी हे अर्धवाहकाचेच काम आहे. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, मागे पोकळी राहते आणि दोघांना वेगवेगळ्या दिशांना नेले की वीज मिळते. उलट, इलेक्ट्रॉनला त्या पोकळीत पडू दिले की प्रकाश मिळतो. घरोघरचा एलईडी दिवा याच तत्त्वावर चालतो. डिरॅक यांच्या सागराची ही घरगुती आवृत्ती भाभांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही.

किंबहुना अर्धवाहकांचे राजकीय महत्त्व ओळखणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना करावी लागेल. चीनशी झालेल्या युद्धानंतर ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम् आणि ए. एस. राव हे सदस्य होते. सुटे भाग बाहेरून आणून यंत्रे जोडत बसलो तर स्वावलंबन येणार नाही, घटकांपासूनच सुरुवात करावी लागेल, हा विचार त्या अहवालाचा गाभा होता. अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा अध्यक्ष हयात नव्हते. देशात चिप बनवणारा मोहालीचा सरकारी कारखाना चालू व्हायला १९८४ उजाडले आणि १९८९ च्या आगीत तो भस्मसात झाला. टाटांच्या धोलेरा येथील चिप कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. सकलातवालांना लिहिलेल्या त्या पत्राला आदल्याच दिवशी ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. योगायोगच, पण मधली ऐंशी वर्षे डोळ्यांत भरणारी.

२४ जानेवारी १९६६ रोजी, ज्या दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची प्रथम शपथ घेतली त्याच दिवशी, व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेले भाभा एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ विमानात होते. विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. या अपघाताभोवती घातपाताच्या कथा रचल्या गेल्या, आजही रचल्या जातात. चौकशीत मात्र विमानाच्या नेमक्या स्थानाविषयी नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातील गैरसमज, हेच कारण पुढे आले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. अविवाहित होते. त्यांच्या मागे बंधू जमशेद होते. त्यांनी नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय कला केंद्र उभे केले. मलबार हिलवरील ‘मेहरांगीर’ हे भाभांचे घर याच केंद्राकडे गेले, २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकले गेले आणि २०१६ मध्ये पाडण्यात आले. ते स्मारक व्हावे म्हणून बरीच खटपट झाली, ती फुकट गेली.

त्यांच्या नावाने नांदणारी एक गोष्ट गिरगावच्या अंगणातच जन्मली, याचा अनेकांना विसर पडला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत सुरू झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तेथे पुस्तकी भाषेचे ओझे उतरवून पालिकेच्या मुलांना विज्ञान कसे शिकवता येईल, याचे प्रयोग झाले. मानखुर्दची प्रशस्त वास्तू नंतरची.

आणि आता कुलाबा. २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत काढत अणूच्या एका थराची चादर, म्हणजे ग्राफीन, वेगळी केली. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हीच युक्ती मॉलिब्डेनम डायसल्फाइडवरही चालते. गॅरेजवाल्यांना ‘मॉली ग्रीस’मधले काळे वंगण म्हणून हा पदार्थ परिचित आहे. त्याचा एक थर एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ. केसाच्या जाडीत असे लाखभर थर बसावेत. या थरावर लेसर टाकून, परत येणाऱ्या प्रकाशातील रामन परिणामाच्या रेषांमधील अंतर मोजले की थर एक आहे की दोन, हे कळते. रामन आणि भाभा बंगळूरनंतर असे पुन्हा एकाच टेबलावर आले.

२०१० मध्येच आढळले की, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा जाड तुकडा जवळपास प्रकाश देत नाही, पण त्याचा एकच थर लालसर प्रकाश देतो. कारण असे. घन पदार्थात इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगानुसार बदलते आणि तिचा नकाशा काढला तर सह्याद्रीसारखी डोंगर-दऱ्यांची रचना दिसते. जाड तुकड्यात इलेक्ट्रॉन ज्या दरीच्या तळाशी थांबतो, तिच्या थेट खाली पोकळीची जागा नसते. दोघांची गाठ पडत नाही. एका थरात मात्र ती समोरासमोर येतात. इलेक्ट्रॉन पोकळीत पडतो, दोघांचा लोप होतो, प्रकाश बाहेर येतो.

या थरात अशा दऱ्या दोन प्रकारच्या असतात, खोलीने अगदी सारख्या. दोन्हींत इलेक्ट्रॉन ज्या समीकरणाने चालतो, ते डिरॅक यांच्या समीकरणाचेच रूप आहे. फरक ऊर्जेचा: निर्वातात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निर्माण करायला लागते त्याच्या सुमारे पाच लाखांश ऊर्जेत येथे जोडी तयार होते. मग दोन दऱ्या ओळखायच्या कशा? प्रकाशाच्या ध्रुवणाने. प्रकाशलहरीतील विद्युतक्षेत्र पुढे सरकताना गोल फिरत राहील, अशी व्यवस्था करता येते. काही प्रकाश प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतो, काही उलट. एका प्रकारचा प्रकाश एकाच दरीत जोड्या भरतो, दुसरा दुसऱ्या दरीत. आणि ती जोडी लोप पावून जो प्रकाश देते, तोही त्याच दिशेने फिरत बाहेर येतो. १९२१ च्या सप्टेंबरात ‘नारकुंडा’ बोटीवरून मुंबई बंदरात पोहोचलेल्या रामन यांनी समुद्राच्या निळाईवरचे टिपण येथूनच ‘नेचर’कडे पाठवले होते, त्या प्रवासात ते लोलकातून ध्रुवणच न्याहाळत होते. असो. २०१२ मध्ये या दऱ्यांचे प्रयोग यशस्वी झाले आणि नवी आशा पालवली. शून्य आणि एक यांची नोंद विद्युतभाराऐवजी डावी दरी आणि उजवी दरी अशी करता येईल, ती लिहायला आणि वाचायला प्रकाश पुरेल.

अडचण येथेच उभी राहिली. एका दरीत भरलेल्या जोड्या पाहता पाहता दुसऱ्या दरीत आढळू लागतात. काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या हिश्शाच्या पाच-दहा पटींत, नोंद पुसट होते. जोडीला एका दरीतून दुसरीत चालत जायला वाट नाही, मग ती पोहोचते कशी? सिद्धान्तकारांनी दिलेले उत्तर असे: ती जातच नाही. डाव्या दरीत इलेक्ट्रॉन आपल्या पोकळीत पडतो, जोडीचा लोप होतो आणि तिच्या विद्युतक्षेत्राच्या जोरावर उजव्या दरीत नवी जोडी जन्म घेते. प्रकाश बाहेर पडायच्या आतच मरण आणि पुनर्जन्म उरकलेला असतो. अर्धवाहकांच्या परिभाषेत याला इलेक्ट्रॉन-पोकळी विनिमय म्हणतात. भाभांच्या १९३६ मधील निबंधाच्या शीर्षकातही विनिमय हा शब्द आहेच. निर्वातातल्या टकरीत ज्या पदाने त्यांचे नाव अजरामर केले, त्याच पदाचे भावंड या पापुद्र्यांत दऱ्यांची स्मृती पुसते आहे.

या विषयावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना हे नाते माहीत असतेच असे नाही. त्यांची गणिते वेगळ्या चिन्हांत लिहिलेली असतात. उपाय मात्र भाभांचे गणित वाचूनही सुचावा असा आहे. इलेक्ट्रॉनला पोकळीत पडण्याची संधीच सहजी मिळू द्यायची नाही. दोन वेगळ्या पदार्थांचे एकेक थर एकमेकांवर ठेवले की इलेक्ट्रॉन एका थरात राहतो आणि पोकळी दुसऱ्यात. दोघे एकमेकांच्या ओढीत असतात, पण गाठ क्वचित पडते. लोप मंदावतो, पुनर्जन्मही मंदावतो. टंगस्टन आणि मॉलिब्डेनम यांच्या सेलेनाइडांच्या अशा जोडथरात दरीची नोंद पिकोसेकंदांऐवजी दहा-वीस नव्हे, तर चाळीस नॅनोसेकंदांपर्यंत टिकल्याचे २०१६ मध्ये दिसून आले.